घरी घ्यावयाचे औषध आणि परिचर्या : जामखेडचा दाखला

कर्करोगावरील अनेक औषधे आता रोगी घरीच गोळ्यांच्या रूपाने घेतो. रुग्णालयाची भिंत मागे पडली, की त्या गोळीवर देखरेख कोणी ठेवावयाची, हा प्रश्न उद्भवतो. तो सर्वस्वी नवा नाही. क्षय व कुष्ठरोग यांच्या चिकित्सेत तो पूर्वीच उपस्थित झाला होता, आणि त्याचे एक उत्तर अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात सापडते.

मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयचिकित्सा केंद्राने काही रोग्यांवर आरोग्यधामात, तर काहींवर घरी उपचार केले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोहोंचे फल जवळजवळ सारखेच आढळले. तथापि घरचे रोगी एकाकी सोडलेले नव्हते. कर्मचारी अवचित घरी जाऊन गोळ्या मोजीत व लघवी तपासीत. गृहोपचाराच्या यशात औषधाइतकाच या भेटींचा वाटा होता.

जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी प्रशिक्षित सहायक परिचारिकांवर भिस्त होती; परंतु खेड्यात राहणे त्यांना कठीण जाई. तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांना शिक्षण देण्यात आले. कुष्ठरोगी शोधणे व त्याचे औषध चालू ठेवणे हेही त्यांच्या कामात होते. त्यांच्या पाठीशी परिचारिकेसह फिरते पथक असे. या कार्याबद्दल आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हा दाखला कर्करोगास लावताना मात्र एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. क्षय व कुष्ठरोगात मुख्य भय गोळी चुकण्याचे होते. कर्करोगात ती नको तेव्हा घेतली जाण्याचेही भय तितकेच आहे. कॅपेसिटाबीन सामान्यतः चौदा दिवस घेऊन सात दिवस थांबवावयाचे असते. तळहात-तळपाय सोलवटले किंवा जुलाब वाढले, तर मुदतीपूर्वीही थांबवावे लागते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगात मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या गोळ्यांचा उपयोग दाखवून दिला (२०२०). त्यांपैकी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते नजरचुकीने रोज घेतल्यास जीवावर बेतते.

म्हणून केवळ गोळ्या मोजून येथे भागत नाही. ताप, तोंडातील व्रण, हातापायांची त्वचा पाहून ‘आज घेऊ नका, आधी विचारा’ असे सांगणारे कोणी तरी हवे. गावातील स्त्री ही खूण ओळखू शकेल. पण औषध थांबविण्याचा निर्णय तिच्या एकटीवर टाकणे अन्यायाचे होईल. तिचा निरोप त्याच दिवशी कर्करोग-परिचारिकेपर्यंत व तेथून चिकित्सकापर्यंत पोहोचला पाहिजे. जामखेडच्या इतिहासाचे खरे मर्म गावातील कार्यकर्तीइतकेच तिच्या मागे उभ्या असलेल्या या साखळीत आहे. साखळी तुटली, तर घरपोच औषध ही सोय न राहता जोखीम ठरते.