जुनी एमजी, घरचं गॅरेज आणि एक वही

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या वाटचालीबद्दल या स्मरणिकेत बरेच जण लिहितील. मी जरा आडवाटेचा विषय घेतला आहे. उभी नोकरी पिंपरीच्या मशीन शॉपमध्ये गेल्यामुळे माझा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही, नटबोल्टचाच आहे. तो गोड मानून घ्यावा.

आमचे जावई बर्मिंगहॅमला असतात. जवळच राहणाऱ्या एका आजीबाईंकडून त्यांनी १९६६ सालची एमजीबी ही दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. आजीबाईंच्या यजमानांनी ती बरीच वर्षं स्वतःच्या हातानं सांभाळली होती. ते गेल्यावर गाडी गॅरेजमध्येच पडून होती. भंगारवाल्याला द्यायची नाही, रस्त्यावर फिरवायची, एवढीच आजींची अट होती. सौ. आणि मी लागोपाठ दोन उन्हाळे तिकडे होतो, तेव्हा सासरे-जावई मिळून आम्ही त्या गाडीवर काम केलं. जुन्या गाडीत काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, यावर आमचे रोज वाद व्हायचे. त्या वादांनीच मला या गाडीचा इतिहास वाचायला लावलं.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस यांचं गाड्या विकण्याचं आणि दुरुस्त करण्याचं हे दुकान. १९२२ साली सेसिल किंबर तिथले जनरल मॅनेजर झाले. मॉरिसच्या साध्यासुध्या कौटुंबिक गाड्या घ्यायच्या, त्यांच्या स्प्रिंगा, स्टिअरिंग सुधारायचं, वर हलकी, देखणी बॉडी चढवायची आणि हौशी गिऱ्हाइकांना विकायच्या, असा उद्योग त्यांनी सुरू केला. १९२५ च्या ईस्टरला त्यांनी अशीच एक बदललेली गाडी लँड्स एंडच्या चढउतारांच्या शर्यतीत उतरवली आणि सुवर्णपदक मिळवलं. म्हणजे एमजी हा ब्रँडच मुळात ‘मॉडिफिकेशन’मधून जन्मला. मूळ गाडीला हात लावू नये म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

आपलाही या घराण्याशी दूरचा संबंध आहे बरं का! ज्या ॲम्बॅसेडरमधून आपण लग्नाच्या वराती आणि मंत्र्यांचे दौरे पाहिले, ती मुळात मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यात पुढे बीएमसी कंपनीचं १४८९ सीसीचं ‘बी सिरीज’ इंजिन आलं. त्याच जातीचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. १९६२ मध्ये एमजीबी आली, तेव्हा तेच इंजिन वाढवून १७९८ सीसीचं केलं होतं. जावईबापूंच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि मी म्हणालो, "अहो, ही तर आपली ॲम्बी!" ते हसले, पण टॅपेट सेट करायला त्यांनी मलाच पुढं केलं.

एमजीबी १९८० पर्यंत बनत राहिली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. कारखाना गेला, गाड्या मात्र राहिल्या आणि त्या राहिल्या त्या घराघरांतल्या गॅरेजमुळे. मालकांची मागणी इतकी होती की १९८८ मध्ये जुन्याच प्रेस टूल्सवर एमजीबीची कोरी बॉडी पुन्हा बनायला लागली. बंद पडलेल्या गाडीचा सांगाडा आठ वर्षांनी नवा मिळावा, हे ऐकून आमच्या मशीन शॉपमधल्या जुन्या मंडळींनी तोंडात बोटं घातली.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. तरुण मंडळींना सगळ्यात आधी इंजिनाची ताकद वाढवायची असते. जाणती माणसं उलट्या क्रमानं जातात. आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग पळली पाहिजे. १९६६ च्या एमजीबीला पुढे डिस्क, मागे ड्रम आणि चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असतं. कुठेही गळती झाली तर पेडल खाली जातं आणि चारही ब्रेक जातात. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगलेले असतात. आम्ही ते सगळे बदलले, जुनं ऑइल काढून नवं भरलं आणि दोन सर्किटांचं मास्टर सिलिंडर बसवलं. टायरची नक्षी उत्तम होती, पण गाडी कित्येक वर्षं उभी, म्हणून तेही बदलले. आपल्याकडच्या गाड्यांनाही हे लागू आहे. २००० नंतरच्या टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. खाली पार्किंगमध्ये गेलात की जरूर वाचा.

दुसरं काम पत्र्याचं. एमजीबीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालची पेटीसारखी पट्टी, तिला सिल म्हणतात, ती गंजली की गाडीच्या कण्यालाच कीड लागते. ती कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा टेकू वेल्ड करून ठेवावा लागतो, नाहीतर बॉडी मधेच बसते आणि नंतर दार लागत नाही. इमारतीचा पिलर दुरुस्त करताना आधी जॅक लावतात ना, अगदी तसंच.

तिसरं वायरिंग. या गाडीत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोबर उलटं. हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो, त्यामुळे दिवे मिणमिणतात आणि स्विच तापतो. आम्ही बारा व्होल्टची एकच बॅटरी बसवली, निगेटिव्ह अर्थ केलं, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आणि दिव्यांना रिले लावले. यातले निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर हे बदल कंपनीनंही १९६७ च्या अखेरीस केले होते.

चौथं पेट्रोल. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला जपायचं. २००० सालापासून ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही शिसं गेलं. त्यामुळे सिलिंडर हेड उतरवून तिथे कडक पोलादाच्या सीट बसवाव्या लागतात. आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलंय, ते जुन्या रबरी नळ्या खातं. त्याही बदलल्या.

हे सगळं झाल्यावर जावईबापूंनी मनातलं सांगितलं. त्यांना चार सिलिंडरच्या इंजिनाऐवजी रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवायचं होतं. कल्पना वेडी नव्हती. केन कॉस्टेलो नावाच्या रेसरनं १९७० च्या सुमारास हेच केलं होतं. ते इंजिन ॲल्युमिनियमचं, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजनाला मूळ बिडाच्या इंजिनाच्या जवळपासच. छोट्या वर्कशॉपमधल्या माणसाच्या गाड्या इतक्या चांगल्या पळायला लागल्या की कंपनीला जाग आली आणि १९७३ मध्ये तिनं स्वतःची व्ही-८ बाजारात आणली. अडीच हजारांच्या वर थोड्या बनल्या आणि १९७६ मध्ये थांबल्या.

तरी मी विरोध केला. इंजिन बदललं की गिअरबॉक्स, रेडिएटर, मागचा ॲक्सल, पुन्हा ब्रेक, सगळंच मागं लागतं. शेवटी नाव एमजी आणि आत दुसरंच. शिवाय कायदा आहे. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण गाडीत मोठा फेरफार झालेला नसेल तरच. आपल्याकडे २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम आणखी कडक आहेत. पन्नास वर्षांवरची आणि मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी असेल तरच ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. आणि गाडी नवी असो की जुनी, कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. इथे हौस करणाऱ्यांनी आधी आरटीओत विचारावं.

वाद मिटवला तो आजीबाईंनी. त्या एक दिवस बिस्किटांच्या डब्यासोबत एक वही घेऊन आल्या. यजमानांनी गाडीत जे जे बदललं ते तारखेसकट त्यात लिहिलेलं होतं. कोणता पार्ट काढला, का काढला, काढलेला पार्ट माळ्यावर कोणत्या खोक्यात ठेवला, वायरचा रंग कोणता, सगळं. जावईबापूंनी ती रात्री बसून वाचली. सकाळी म्हणाले, "बाबा, व्ही-८ राहू दे. त्यांनी असं काहीच केलेलं नाही, जे परत पहिल्यासारखं करता येणार नाही." आमचा डायनॅमो आणि जुनी मास्टर सिलिंडर असेंब्ली त्याच खोक्यांत गेली आणि वहीत पुढच्या पानावर आमच्या अक्षरात नोंद झाली. आजी पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर बसल्या. परत येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. उतरताना फक्त बॉनेटवरून हात फिरवला.

किंबरपासून कॉस्टेलोपर्यंत सगळ्यांनी बदलच केले, म्हणून ही गाडी शंभर वर्षांच्या इतिहासात टिकली. बदल करणं वाईट नाही. आधी सुरक्षितता, सांगाड्याला धक्का नाही, जुना भाग परत बसवता येईल अशी सोय, आणि प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद, एवढं पाळलं की झालं.

आपली इमारतही आता पंचवीस वर्षांची झाली. प्लंबिंग, लिफ्ट, वायरिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळ्याला आता हात लागणार. कोणती पाइपलाइन कुठून वळवली, कोणत्या भिंतीच्या आत काय आहे, कोणत्या कंत्राटदारानं कोणतं मटेरियल वापरलं, हे आज काही सभासदांच्या डोक्यात आहे. ती माणसं कायम इथे असणार नाहीत, मीही नसेन. कमिटीनं येत्या सर्वसाधारण सभेच्या आत एक जाड वही घालावी आणि ऑफिसच्या कपाटात ठेवावी, ही माझी विनंती. पहिली पाच पानं लिहून द्यायला मी तयार आहे. पाण्याच्या टाकीच्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करू.