तटाच्या आतली गोष्ट

भिलाईतल्या मराठी घरात ‘गड’ म्हटले की अजूनही सह्याद्रीच डोळ्यांपुढे येतो: कातळकडा, बुरूज, चोरदरवाजा. इथे मात्र सभोवार भाताची सपाट शेते. तरीही शेजारच्या शहराचे नाव दुर्ग आणि अवघ्या मुलखाचे नाव छत्तीसगड.

परंपरेने शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरचे १८ गड आणि दक्षिणेला रायपूरचे १८. ते सगळे डोंगरी किल्ले नव्हते. कलचुरींच्या राजवटीत गड म्हणजे साधारण चौऱ्याऐंशी गावांच्या कारभाराचे ठाणे. मैदानात डोंगर नसला की मातीचा तट घालायचा आणि भोवती खंदक खणून त्यात पाणी खेळवायचे. रायपूरकडच्या अठरांत गणला जाणारा दुर्गचा किल्लाही मातीचाच होता.

डोंगरी किल्ला पाहायचा तर उत्तरेकडे, आजच्या कोरबा जिल्ह्यात, लाफ्याच्या चैतुरगडावर जावे लागते. तिथे बहुतेक बाजूंना कड्यानेच तटाचे काम केले आहे. कडा जिथे उतरता होतो, तिथेच भिंत बांधली आहे. मेनका, हुंकरा आणि सिंहद्वार ही तीन दारे, माथ्यावर तळी आणि महिषासुरमर्दिनीचे देऊळ. वर पाणी असेल तरच वेढा सोसता येतो, हे राजगडाइतकेच इथेही खरे.

पण राज्याचा निकाल या डोंगरावर लागला नाही. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत फौज घेऊन सपाटीवरच्या रतनपुरावर आले. राजा रघुनाथसिंह म्हातारा होता आणि एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूने खचलेला होता. त्याने प्रतिकार केला नाही. तोफांनी वाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा एका राणीने तटावर चढून शरणागतीचे निशाण दाखवले आणि दरवाजे उघडले गेले. विजेत्यांनी शहरावर लाख रुपयांचा दंड बसवला.

सिंहगड असो वा पन्हाळा, किल्ल्यांच्या गोष्टी ऐकताना आपण कायम आपल्या माणसांच्या बाजूने ऐकतो. रतनपुरात आपली माणसे तोफांच्या मागे होती. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरातच राहिले, रामटेकडीवर त्यांनी राममंदिर बांधले. आपण ते अभिमानाने सांगतो. तटावर चढलेल्या त्या राणीचे नाव मात्र आपल्याला सांगता येत नाही.

लोककथांनी असे दुःख अधिक जपले आहे. नवरात्रात भिलाई-दुर्गहून माणसे चालत डोंगरगडला जातात आणि हजारावर पायऱ्या चढून बमलेश्वरीचे दर्शन घेतात. या जागेशी माधवानल आणि कामकंदलेची कथा जोडलेली आहे. राजा कामसेन गायकाला हद्दपार करतो आणि नर्तकी मागे राहते. त्यांच्या मीलनासाठी विक्रमादित्य चालून येतो, युद्ध जिंकतो आणि मग प्रेमाची परीक्षा घेण्यासाठी माधवानल मेल्याची खोटी बातमी देतो. ती ऐकून कामकंदला प्राण सोडते, तिच्यामागे माधवानलही. जिंकलेला राजा स्वतःचा जीव द्यायला निघतो, तेव्हा कुठे दोघे पुन्हा जिवंत होतात.

ही कथा इतिहास नव्हे. पण जिंकणाऱ्याने काय गमावले, हे विचारायला ती विसरत नाही. छत्तीसगडात तीन शतकांजवळ आलेल्या मराठी माणसानेही रतनपूरचा पडका तट पाहताना हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.