केइगो : जपानी अदबीच्या बोलीचे शिक्षण

जपानी भाषेतील आदरार्थी बोलण्याला केइगो म्हणतात. समोरच्याला उंचावणारे सोनकेइगो, स्वतःकडे कमीपणा घेणारे केन्जोगो आणि नुसते सभ्य बोलण्याचे तेइनेइगो असे त्याचे तीन प्रकार रूढ आहेत. एकट्या खाण्यालाच साधे ‘ताबेरु’, मान्यवरांसाठी ‘मेशिआगारु’ आणि स्वतःसाठी ‘इतादाकु’ अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत. जपानी घरात वाढलेल्या मुलालाही हे सारे आपसूक येत नाही, मुद्दाम शिकावे लागते.

हेइआन काळात (७९४–११८५) क्योतोच्या दरबारात आदर दर्जाला चिकटलेला होता. सम्राटाच्या तोंडी स्वतःबद्दलही आदरार्थी रूपे घातलेली आढळतात. ‘गेन्जी मोनोगातारी’ या त्या काळच्या दरबारी कथेत वाक्याचा कर्ता बहुधा गाळलेला असतो, क्रियापदाला किती मान दिला आहे यावरून माणूस ओळखायचा. दरबारात वावरणाऱ्याला हे ऐकून ऐकून कळे. त्यासाठी व्याकरणाची गरज नव्हती.

ती गरज परक्यांना पडली. सोळाव्या शतकात जपानात आलेल्या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांना दाइम्यो सरदारापुढे आणि शेतकऱ्यापुढे एकच भाषा चालत नव्हती. युरोपहून निघालेला त्यांचा छापखाना १५८७ मध्ये गोव्यात पोहोचला आणि १५९० मध्ये जपानात उतरला. त्यावर आमाकुसा येथे ‘हेइके मोनोगातारी’ची बोलीभाषेतली आवृत्ती रोमन लिपीत छापली गेली, तीही भाषा शिकणाऱ्यांसाठीच. फाबियान या जपानी जेझुइटाने मूळ युद्धकथेला संवादाचे रूप दिले: एक गृहस्थ विचारतो आणि बिवा वाजवणारा अंध कथेकरी अदबीने सांगत जातो. पाठ्यपुस्तकाची ही रचना आजही नमुनेदार वाटते, कारण कोण कोणाशी बोलतो आहे हे ठरल्याशिवाय केइगो शिकवताच येत नाही. या पुस्तकातले ‘मारासुरु’ हे सहायक क्रियापद मूळ ‘अर्पण करणे’ या नम्र अर्थाच्या शब्दातून आले. पुढे झिजून त्याचे ‘मासु’ झाले आणि आज सभ्य बोलण्यात ते क्रियापदांच्या शेवटी येते. लहानपणीच जपानात आलेल्या जुआँव रोद्रिगिश याने नागासाकीत १६०४ ते १६०८ या काळात छापलेल्या व्याकरणात आदराच्या क्रियापदांची आणि प्रत्ययांची सविस्तर चर्चा केली.

मधल्या शतकांत आदराचा रोख बदलत गेला. बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या नात्याला, घरचे कोण आणि बाहेरचे कोण या भेदाला महत्त्व आले. मेइजी राजवटीत तोक्योची बोली प्रमाण मानली गेली आणि १९०४ पासून सरकारी पाठ्यपुस्तकांतून ती देशभरच्या वर्गांत पोहोचली. ज्यांच्या गावच्या बोलीत आदराची इतकी रूपे नव्हती, त्यांना ती धड्यांतून शिकावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या उतरंडीची भाषा लोकशाहीत कशी चालवायची, हा प्रश्न उभा राहिला. १९५२ मध्ये राष्ट्रभाषा परिषदेने ‘यापुढचे केइगो’ हे निवेदन काढले. परस्परांचा मान हा पाया, भाषा सोपी, नावापुढे सर्रास ‘सान’, अशी त्याची दिशा होती. समोरच्यासाठी ‘आनाता’ हे सर्वनाम प्रमाण ठरवले गेले, पण वरिष्ठाला ‘आनाता’ म्हणणे लोकांना उद्धटच वाटत राहिले. सवयीपुढे परिषदेचे चालले नाही.

शाळेनंतरचे खरे शिक्षण कंपनीत होऊ लागले. एप्रिलमध्ये रुजू झालेल्या नवख्यांना फोन घ्यायला शिकवतात. एरवी ‘तानाका बुचो’ (बुचो म्हणजे विभागप्रमुख) म्हणून ज्यांच्यापुढे वाकायचे, त्यांच्याविषयी बाहेरच्या माणसाने विचारले तर मानाचे पद गाळून नुसते ‘तानाका’ म्हणायचे आणि क्रियापदही नम्रतेचे लावायचे. साहेब त्या घटकेला आपल्या ‘घरचे’ झालेले असतात. नवख्यांची जीभ इथेच अडखळते.

२००७ मध्ये सांस्कृतिक व्यवहार परिषदेच्या ‘केइगो मार्गदर्शिके’ने तीन प्रकारांचे पाच केले आणि नेहमीच्या अडचणी प्रश्नोत्तरांतून सोडवल्या. सर्वत्र बोकाळलेल्या ‘सासेते इतादाकु’ (‘आपण मला करू द्यावे’ अशा नम्र अर्थाच्या) या रूपाबद्दल तिचे मत स्पष्ट आहे: कोणाच्या परवानगीने काही करायचे असेल आणि त्यात आपला लाभ असेल, तिथेच ते शोभते.