माउस घडला कसा, बिघडतो कसा

माउसची पहिली तपासणी झाली ती तो बाजारात येण्याच्या कितीतरी आधी. 1960च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांच्यापुढे एक प्रश्न होता: पडद्यावरचा एखादा शब्द नेमका दाखवायचा तर माणसाच्या हातात काय द्यावे? या कामाला नासाने पैसा पुरवला होता. उमेदवार बरेच होते. लाइट पेन, जॉयस्टिक, ग्राफाकॉन नावाचे एक उपकरण, टेबलाखाली गुडघ्याने हलवायचा एक दांडा, आणि माउस.

चाचणी साधी होती, पण विचारपूर्वक बेतलेली. माणसाने कीबोर्डवरचा स्पेस बार दाबायचा, पडद्यावर अक्षरांचा एक पुंजका उमटायचा, मग हात उपकरणाकडे नेऊन कर्सर ठरलेल्या अक्षरावर आणायचा आणि बटण दाबायचे. हात उपकरणापर्यंत पोचायला लागलेला वेळ वेगळा मोजला गेला, कर्सर हलवायला लागलेला वेगळा, आणि चुका वेगळ्या. 1967 साली निकाल छापून आला. सरावलेल्या लोकांच्या हातात माउस सर्वांत जलद ठरला आणि चुकाही त्याच्याच कमी निघाल्या. नवख्यांना मात्र गुडघ्याचा दांडा आणि लाइट पेन जास्त जमले. गुडघ्याने काम करताना हात कीबोर्डवरून उचलावाच लागत नव्हता. मला हा दुसरा निकाल फार मोलाचा वाटतो. पहिल्या दिवशी काय सोपे जाते एवढेच पाहिले असते तर माउस तिथेच मागे पडला असता. एंगलबार्ट यांच्या डोळ्यांपुढे रोज तासन्‌तास पडद्यासमोर काम करणारा माणूस होता, म्हणून माउस टिकला.

या माउसचा पूर्वज म्हणजे प्लॅनिमीटर. नकाशावरच्या वेड्यावाकड्या तुकड्याचे क्षेत्रफळ मोजणारे हे उपकरण आपल्याकडच्या जुन्या स्थापत्य अभियंत्यांनी सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला हाताळलेले आहे. त्याचे चाक एका दिशेने फिरते आणि आडव्या दिशेने नुसते घसरते. फिरणे मोजले जाते, घसरणे मोजले जात नाही. अशी दोन चाके काटकोनात बसवली तर एक आडवी हालचाल टिपेल आणि दुसरे उभी, ही कल्पना एंगलबार्ट यांना 1961 साली एका परिषदेत बसले असताना सुचली. 1964 साली बिल इंग्लिश यांनी ती लाकडात उतरवली. तळाशी धातूची दोन चाके, प्रत्येक चाकाला जोडलेला, रेडिओचा आवाज कमीजास्त करायला वापरतात तसला पोटेन्शिओमीटर, आणि वर एकच बटण. वायर आधी मनगटाच्या बाजूने निघत होती. ती हाताला अडू लागली, तशी ती फिरवून पुढे नेली. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो जगाला दाखवला, 17 नोव्हेंबर 1970 रोजी त्याला पेटंट मिळाले.

चाकांची अडचण घसरण्यातच होती. तिरका हात फिरवला की दोन्ही चाकांना एकाच वेळी थोडे फिरावे आणि थोडे घसरावे लागे. चेंडू कोणत्याही दिशेने सारखाच लोळतो. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीने आपला चेंडूचा माउस ऑक्टोबर 1968मध्ये, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रात्यक्षिकाच्याही आधी, माहितीपत्रकात छापला होता. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात गेलेल्या बिल इंग्लिश यांनीही चेंडूच निवडला. तिथे 1978 साली स्टुअर्ट कार्ड, इंग्लिश आणि बेटी बर यांची दुसरी मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. माउसने लक्ष्य गाठायला लागणारा वेळ नुसत्या हाताने बोट ठेवायला लागणाऱ्या वेळाच्या अगदी जवळ जातो, असे तिच्यातून दिसले. वेगाची मर्यादा यंत्रात उरली नव्हती, ती माणसाच्या हातात होती. याहून मोठे प्रशस्तिपत्र कुठल्या अवजाराला मिळेल?

झेरॉक्सच्या माउसला मात्र शेकडो डॉलर पडत. 1980 साली ॲपलने डीन होवी यांच्या संस्थेला स्वस्त माउस बनवायला सांगितले. त्यांनी रोल-ऑन डिओडरंटमधला चेंडू आणि लोण्याची प्लास्टिकची डबी घेऊन पहिला नमुना जुळवला. हाच माउस पुढे लिसा आणि मॅकिंटॉशबरोबर घरोघरी गेला. त्याच्या तळाशी हाताने फिरवून उघडता येणारी चकती होती, म्हणजे चेंडू कुणालाही काढून साफ करता येई.

ही चकती महाराष्ट्रातल्या एका पिढीला चांगली आठवत असेल. सायबर कॅफे, डीटीपीची दुकाने, शाळेची संगणक लॅब, सगळीकडे माउस उलटा करून चेंडू काढणे हे नेहमीचे काम होते. चेंडू टेबलावरची धूळ आणि हाताचा तेलकटपणा उचलून आत नेई आणि दोन बारीक रोलरांवर त्याचा काळा पट्टा बसवी. नखाने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने तो खरवडावा लागे. बिघाड ओळखायची खूणही अचूक होती. बाण आडवा सरळ जातो पण उभा अडखळतो, तर उभ्या हालचालीचा रोलर मळला आहे. दोन्हीकडे अडखळतो, तर दोन्ही. आणि रोलर स्वच्छ असूनही बाण हलत नसेल, तर रोलरबरोबर फिरणाऱ्या खाचांच्या चकतीपाशी पाहायचे. तिच्या एका बाजूला इन्फ्रारेड दिवा असतो, दुसऱ्या बाजूला किंचित पुढेमागे बसवलेले दोन संवेदक. प्रकाश आधी कोणाला दिसला यावरून संगणकाला दिशा कळते. तिथे केस अडकला तरी बाण जागच्या जागी थरथरतो.

चेंडूचा हा रोग गेला तो प्रकाशामुळे. 1980च्या सुमारास झेरॉक्सचे रिचर्ड लायन आणि एमआयटीतले स्टीव्ह कर्श यांनी स्वतंत्रपणे ऑप्टिकल माउस बनवले. कर्श यांच्या माउसला रेघांचे खास पॅड लागे. 1999 साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर आला. टेबलाचे सेकंदाला 1500 फोटो काढून तो एकामागून एकाची तुलना करी, त्यामुळे खास पॅडची गरज संपली. फोटोत फरक दिसायला पृष्ठभागावर काहीतरी बारीक खुणा हव्यात. स्वच्छ काचेवर त्या नसतात, म्हणून काचेच्या टेबलावर बाण भरकटतो. अशा वेळी माउसखाली साधा कागद ठेवून पाहावा. बाण सुधारला तर माउसमध्ये दोष नाही.

राहिले बटण, आणि आजच्या बहुतेक तक्रारी तिथल्याच आहेत. एकदा दाबले तर दोनदा लागते, फाइल ओढताना मध्येच सुटते. बटणाखाली असतो तो मायक्रोस्विच अमेरिकेतला, 1930च्या दशकातला, माउसहून जुना. त्यातली पातळ स्प्रिंग टचकन पालटते तेव्हा संपर्क क्षणभर उसळतो, आणि माउसमधली चिप ती उसळी दुर्लक्षून एकच क्लिक मोजते. स्प्रिंग थकली, संपर्क झिजला की उसळी लांबते आणि चिपला दोन क्लिक वाटतात. हे तपासायला यंत्र लागत नाही. सेटिंगमध्ये डावे-उजवे बटण अदलाबदल करावे. मुख्य क्लिक उजव्या बटणाकडे गेल्यावर माउस ठीक चालला, तर डाव्या बटणाचा स्विच गेला आहे. तिथेही दोनदाच लागत असेल तर दोष संगणकात शोधावा.

वायर काढून पुन्हा लावणे हाही असाच, यंत्र न लागणारा उपाय. यूएसबी माउसची संगणक नव्याने ओळख करून घेतो, म्हणून हा उपाय बरेचदा लागू पडतो. जुन्या गोल पिनांचा पीएस/2 माउस चालू संगणकात काढण्या-घालण्यासाठी बनवलाच नव्हता. तो लावायचा तर संगणक बंद करूनच. बिनवायरच्या माउसची आधी बॅटरी बदलावी, मग रिसीव्हर जवळच्या पोर्टला लावून पाहावा.

माउस बिघडला की तो आधी दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. तिथेही तसाच वागला तर तळाच्या भिंगाजवळची धूळ काढा, मग बटणे अदलाबदल करून बघा. स्विच गेला असेल तर तो छोटा सुटा भाग आहे, आणि डाग देता येणारा कारागीर तो थोड्या पैशांत बदलून देतो. एवढे करून पाहिल्याशिवाय माउस कचऱ्यात टाकू नका.