कुठे उतरलात?

काशीत ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या मराठी वस्तीत पाहुण्याला पहिला प्रश्न येतो, 'कुठे उतरलात?' धर्मशाळेत असो वा कुणाच्या घरी, मुक्काम म्हणजे 'उतरणे'. मूळ संस्कृत धातू 'तॄ', पाणी ओलांडणे. त्याला 'उद्' लागले की पाण्यातून पार होऊन काठावर येणे. नावेतून काठाला पाय टेकला की वाट सरली. मुक्कामाचा अर्थ तिथूनच आला असावा. 'उतारू'ही याच घरातला. आणि याच धातूचे थोरले लेकरू 'तीर्थ', पाण्यात उतरण्याची जागा! हे नाते मला फार जिव्हाळ्याचे वाटते. पहाटे अहिल्याबाई घाटाच्या ओल्या पायऱ्यांवरून, तांब्या छातीशी धरून, धर्मशाळेत उतरलेली आजी एकेक पायरी जपून गंगेत उतरत असते.