कुलूप कोणासाठी?

कुणी फार विचित्र वागू लागले की मराठी घरांत ‘याला ठाण्याला पाठवा’ असे सहज म्हटले जाते. पुण्याकडे ठाण्याच्या जागी येरवडा येतो. या थट्टेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: आत गेलेल्या माणसामागे दार लागणार आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असणार. हे कुलूप रुग्णाच्या जिवासाठीच आहे, असे आपण मानून चालतो. मनोरुग्णालयांचा इतिहास वाचताना मला मात्र पुनःपुन्हा जाणवले, की कुलपाचा संबंध रुग्णाच्या सुरक्षिततेइतकाच ‘काही बरेवाईट झाले तर जबाब कोणी द्यायचा’ या प्रश्नाशी आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये साखळ्या आणि हातबेड्यांविरुद्ध मोठी चळवळ झाली. लिंकनच्या रुग्णालयात रॉबर्ट गार्डिनर हिल यांनी १८३८ पर्यंत रुग्णांना बांधून ठेवण्याची पद्धत बंद केली. पुढच्याच वर्षी जॉन कोनोली यांनी लंडनजवळच्या हॅनवेल येथे, शेकडो रुग्ण असलेल्या संस्थेत, तेच करून दाखवले. अंगावरच्या बेड्या गेल्या, दारांची कुलपे मात्र राहिली. यात कायद्याचाही वाटा होता. रुग्णाला जाणूनबुजून पळू देणाऱ्या कर्मचाऱ्याला दंड करण्याची तरतूद इंग्लंडच्या १८९० च्या कायद्यात होती. रुग्णाला वर्षानुवर्षे कोंडून ठेवल्याबद्दल मात्र किल्ली बाळगणाऱ्याला कोणी जाब विचारत नसे. भारतातला १९१२ चा ‘इंडियन लुनसी अ‍ॅक्ट’ याच वळणाचा होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची जागा घेईपर्यंत तो टिकून राहिला.

कुलपाला पहिला मोठा धक्का बसला तो स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेलगतच्या मेलरोज या लहानशा गावात. तेथील डिंगलटन रुग्णालयाची सूत्रे १९४५ मध्ये डॉ. जॉर्ज बेल यांच्याकडे आली. त्यांनी एकेक वॉर्ड उघडत नेला आणि १९४९ पर्यंत रुग्णालयातले एकही दार कुलूपबंद उरले नाही. इंग्रजी भाषक जगातले हे पहिले संपूर्ण उघडे मनोरुग्णालय मानले जाते. नॉटिंगहॅमच्या मॅपर्ली रुग्णालयात डंकन मॅकमिलन यांनी १९५२ मध्ये तेच साधले.

या तारखा महत्त्वाच्या आहेत. ‘नवी औषधे आली, रुग्ण शांत झाले, म्हणून दारे उघडता आली’ असे अनेकदा सांगितले जाते. पण क्लोरप्रोमाझिन या पहिल्या प्रभावी औषधाचा मनोरुग्णांवरचा उपयोग पॅरिसमध्ये १९५२ साली सिद्ध झाला. डिंगलटनची दारे त्याआधी तीन वर्षे उघडली होती. औषधाने पुढे हे काम सोपे केले, पण सुरुवात त्याने केलेली नाही. सुरुवात झाली ती कर्मचाऱ्यांच्या कामाची रीत बदलल्यामुळे. दार बंद असेल तर परिचारिकेला रुग्ण कुठे आहे एवढे ठाऊक असले की पुरते. दार उघडे असेल तर त्याच्या मनात काय चालले आहे, हेही ठाऊक असावे लागते.

या धोरणाची किंमत कशी मोजली जाते, हे इटलीत दिसले. फ्रांको बसाग्लिया १९६१ मध्ये युगोस्लाव्हियाच्या सीमेवरील गोरित्सिया येथील मनोरुग्णालयाचे संचालक झाले. त्यांनी बांधून ठेवणे थांबवले, वॉर्ड उघडले आणि रुग्णांच्या सभा सुरू केल्या. सप्टेंबर १९६८ मध्ये एका दिवसाच्या रजेवर घरी गेलेल्या रुग्णाने आपल्या पत्नीचा खून केला. बसाग्लियांवर खटला भरला गेला. त्यातून ते निर्दोष सुटले. १९७८ मध्ये ‘कायदा १८०’ने इटलीतली जुनी मनोरुग्णालये बंद करण्याचा मार्ग खुला केला, तो त्यांच्याच चळवळीचा परिणाम. त्या स्त्रीचा मृत्यू या इतिहासातून वगळता येत नाही, आणि उघड्या दाराची बाजू घेणाऱ्याने तो वगळूही नये. पण बंद वॉर्डांत हरवलेल्या आयुष्यांसाठी असा खटला कोणत्या संचालकावर चालला?

हा असमतोल पुढेही टिकला. ब्रिटनमध्ये मोठी रुग्णालये बंद होत गेली, खाटा घटल्या आणि तीव्र आजाराच्या वॉर्डांत सर्वांत अस्वस्थ रुग्ण तेवढे उरले. बाहेरून अमली पदार्थ आत येण्याची भीती होती, आणि प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी बसे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून दारे पुन्हा बंद होऊ लागली.

मग कुलपाने जीव वाचतात का? जर्मनीतील २१ रुग्णालयांच्या १९९८ ते २०१२ या पंधरा वर्षांतल्या सुमारे साडेतीन लाख दाखल्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बंद वॉर्ड न ठेवणाऱ्या रुग्णालयांत आत्महत्या अधिक आढळल्या नाहीत, पळून जाणेही अधिक आढळले नाही. टीकाकारांनी विचारले, की रुग्णालयांची ‘उघडे’ आणि ‘बंद’ अशी वर्गवारी इतकी सरळ करता येते का? प्रश्न रास्त होता. अशा शंकेला उत्तर देण्याचा अधिक काटेकोर मार्ग ऑस्लोच्या लोविसेनबर्ग रुग्णालयाने घेतला. २०२१ पासून वर्षभर तेथे ५५६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे उघड्या किंवा नेहमीच्या वॉर्डांत विभागले गेले. उघड्या वॉर्डांत २६.५ टक्के रुग्णांवर बळजबरीचा काही ना काही उपाय करावा लागला, नेहमीच्या वॉर्डांत ३३.४ टक्के रुग्णांवर. प्रयोगाच्या काळात एकही आत्महत्या झाली नाही. हे एकाच रुग्णालयातले निष्कर्ष आहेत, आणि नॉर्वेतले मनुष्यबळ सर्वत्र नसते. शिवाय ब्रिटनमधल्या अभ्यासांत कुलपामुळे पळून जाण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले आहे, जरी त्याच वॉर्डांत आक्रमकता अधिक होती. एवढे मात्र म्हणता येते, की कुलूप म्हणजे सुरक्षितता हे समीकरण पुराव्यावर उभे नाही.

मनुष्यबळाची अडचण आपल्याकडे सर्वांत मोठी. तरीही तिच्यावरचा एक उपाय भारतातच सापडला होता. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावले. त्याच दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही कुटुंबासह राहण्याची पद्धत स्वीकारली. किल्लीच्या जागी त्यांनी रुग्णाच्या ओळखीचे माणूस बसवले. कुटुंबाशिवाय आलेल्या रुग्णासाठी हा उपाय अपुरा पडतो, पण देखरेखीसाठी भिंतच लागते असे नाही, हे त्यातून कळले.

नेमक्या उलट टोकाला तमिळनाडूतले एरवाडी आहे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या एका खासगी आश्रयगृहाच्या झोपडीवजा शेडला आग लागली. ते रुग्णालय नव्हते, पण रुग्णांना साखळ्या बांधण्यामागचे कारण ओळखीचेच होते: ते पळू नयेत, स्वतःला वा इतरांना इजा करू नये. त्या साखळ्यांमुळे त्यांना आगीतूनही पळता आले नाही. २८ जण मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही स्वरूपात साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे.

तीव्र आजाराच्या वॉर्डाचे प्रत्येक दार उद्याच उघडा, असे मला म्हणायचे नाही. काही रुग्णांना काही तास वा काही दिवस थोपवून धरावे लागते. माझे मागणे लहान आहे. रुग्ण पळाला किंवा त्याने जिवाचे बरेवाईट केले, तर त्याची नोंद होते, चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. त्याच वहीत दार कोणत्या दिवशी, कोणासाठी आणि किती वेळ बंद ठेवले हेही लिहावे, आणि त्याखाली सही असावी. एकासाठी लावलेले कुलूप त्या वॉर्डातल्या इतर सगळ्यांवरही पडते. त्यांच्या वतीने निदान एवढा जबाब तरी कोणीतरी द्यायला हवा.