माल नाही, तर पैसा नाही

गेल्या वर्षी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून इंटरनेटवर गझलांचा जुना दिवान मागवला. कार्डावरून पैसे गेले. पुस्तक आलं नाही. फसलो, म्हणून लाजेनं गप्पच होतो. अखेर बँकेत लेखी तक्रार केली आणि पैसे परत मिळाले.

ही मेहेरबानी नव्हे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी 'जोखमी हुंडी' चाले : माल बंदरात सुखरूप पोहोचला, तरच तिचे पैसे द्यायचे. जहाज बुडालं की हुंडीही बुडाली. कार्डात मात्र पैसा मालाच्या आधी निघतो. म्हणून अमेरिकेच्या १९७४च्या कायद्यानं न पोहोचलेल्या मालाची आकारणी ही बिलातली चूक ठरवली. ६० दिवसांत लेखी कळवण्याची अट घातली. आपल्या बँकाही कार्ड-कंपन्यांच्या नियमांनुसार असा दावा मुदतीत आला, तरच चालवतात. तेव्हा श्रोतेहो, पावती जपा आणि लाज सोडा.